रंगीत पाटीवर न मोडणारी मराठी: एफएफएमपेगने शीर्षक-पाटी बनवण्याची पद्धत

वाचनालयाच्या व्याख्यानाचं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं किंवा गावातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. त्याच्या सुरुवातीला पाच-सहा सेकंदांची रंगीत पाटी हवी आहे, तिच्यावर विषय, वक्त्याचं नाव आणि तारीख. एवढ्यासाठी जड एडिटिंग सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेलं एफएफएमपेग हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन हे काम एका कमांडमध्ये करतं. शिवाय कमांड एकदा बसली की वर्षभराच्या सगळ्या व्याख्यानांच्या पाट्या एकाच घडणीच्या निघतात.

अडचण मराठीची आहे. या विषयावरच्या बहुतेक सूचना इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा वापरल्या की ‘निर्मिती’मधली पहिली वेलांटी भलत्या जागी जाते, रफार सुटून पडतो आणि जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं दिसतात. कमांड कुठलीही चूक दाखवत नाही, व्हिडिओ तयार होतो, आणि वक्त्याचं नाव चुकीचं झळकतं. हे टाळता येतं. त्यासाठीच हा लेख.

एक सूचना आधीच. वाचताना ओघ राहावा म्हणून कमांडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायचे. सुटी अक्षरं उच्चाराप्रमाणे दिली आहेत: ‘-व्हीएफ’ म्हणजे आडवी रेघ, व्ही, एफ.

काय काय लागेल

- एफएफएमपेग. त्याच्याबरोबर फाइलची माहिती सांगणारं एफएफप्रोब आणि बहुतेक वेळा व्हिडिओ चालवून दाखवणारं एफएफप्लेही येतं.
- युनिकोड देवनागरी फॉन्टची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल.
- साधा टेक्स्ट एडिटर. विंडोजचं नोटपॅड चालेल, वर्ड नको.
- युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर.
- मूळ रेकॉर्डिंगची रुंदी, उंची, फ्रेमचा वेग आणि आवाजाची माहिती.
- या सगळ्यासाठी एक वेगळं फोल्डर. फॉन्टची फाइलही त्यातच ठेवा आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, त्याच फोल्डरमध्ये उघडा. मार्गांच्या निम्म्या कटकटी यानेच मिटतात.

१. तुमच्या एफएफएमपेगमध्ये काय आहे ते पाहा

उबुंटू आणि डेबियनवर ‘एपीटी इन्स्टॉल’ने, मॅकवर होमब्रूने आणि विंडोजवर विंगेटने किंवा तयार झिप उतरवून एफएफएमपेग बसवता येतं. बसवलं की ‘एफएफएमपेग -व्हर्जन’ चालवा. सुरुवातीलाच ‘कॉन्फिगरेशन’ या शब्दापुढे एक लांबलचक ओळ येते. तिच्यात ‘एनेबल-लिबएएसएस’ आहे का, ते शोधा. लिबएएसएस हा मराठी अक्षरं नीट मांडणारा भाग आहे, म्हणून आपल्यासाठी हाच सगळ्यांत महत्त्वाचा शब्द. ‘एनेबल-लिबफ्रीटाइप’ असेल तर ड्रॉटेक्स्ट हा अक्षरं काढणारा फिल्टरही चालण्याची शक्यता आहे, पण त्याच्याविषयी पुढे.

एफएफएमपेग हे नाव एकच असलं तरी ते बांधताना कोणते भाग आत घेतले, हे बांधणारा ठरवतो. म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर चालणारी कमांड तुमच्याकडे ‘असा फिल्टर नाही’ म्हणू शकते. तसं झालं तर कमांड दुरुस्त करत बसू नका, लिबएएसएस असलेली दुसरी बांधणी घ्या.

२. मजकूर आणि फॉन्ट आधी पक्के करा

घाई करू नये अशी ही पायरी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांकडचा जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतो. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. असा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, किंवा पाटीवरच्या चार ओळी इनस्क्रिप्टने नव्याने टाइप करा. चार ओळींसाठी मला दुसराच मार्ग पटतो, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास तपासावी लागतात.

फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. नोटपॅडमध्ये साठवताना खाली ‘एन्कोडिंग’चा पर्याय असतो. तिथे साधं यूटीएफ-८ निवडा, ‘बीओएम’ असलेलं नको.

फॉन्टच्या बाबतीत आता मराठीची चंगळ आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, गूगलचा नोटो सान्स देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे व्हिडिओत निर्धास्त वापरा. पडद्यावर लांबून वाचायच्या पाटीसाठी ‘मुक्त’ किंवा नोटो यांचं ठळक वजन चांगलं दिसतं. टिरो देखणा आहे, पण त्याच्या बारीक रेघा लहान आकारात फोनवर हरवतात. तो मोठ्या शीर्षकापुरता ठेवा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. टिरोच्या मराठी आवृत्तीत ती मुळातच येतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि भाषा सांगितल्यावर योग्य रूप निघतं. ते कसं सांगायचं, हे पाचव्या पायरीत आहे.

आता एक चाचणीची ओळ करून ठेवा. ही घ्या:

वऱ्हाडी विद्यार्थ्यांची निर्मिती, ज्ञान, क्षितिज, श्रद्धा, कृत्रिम दृष्टी, डॉक्टर ऑगस्ट

पहिली वेलांटी, रफार, ‘ऱ्ह’मधला अर्धा र, तीन व्यंजनांची जोडणी, ऋकार, ‘डॉ’ आणि ‘ऑ’ यांचे चंद्र, असं मराठीत मोडू शकणारं बहुतेक सगळं या ओळीत आहे. नवा फॉन्ट, नवं मशीन किंवा नवी बांधणी हाती आली की आधी ही ओळ पाटीवर काढून पाहा. फक्त ‘नमन’ किंवा ‘भाग १’ लिहून चाचणी घेतलीत तर सगळं ठीक दिसेल. या शब्दांत जोडाक्षर नाही आणि काना तर अक्षराच्या पुढेच लागतो, म्हणून ते कुठल्याही साधनात नीट येतात. फसगत इथेच होते.

३. रंगीत पार्श्वभूमी

एफएफएमपेगमध्ये ‘एलएव्हीएफआय’ नावाचं एक काल्पनिक इनपुट आहे. कॅमेऱ्याच्या फाइलऐवजी ते फिल्टरमधूनच चित्र तयार करतं. त्यातला ‘कलर’ हा स्रोत आपल्याला हवा. त्याला चार गोष्टी सांगता येतात: सी म्हणजे रंग, एस म्हणजे आकार, आर म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, डी म्हणजे किती सेकंद. काहीच सांगितलं नाही तर तो ३२० बाय २४० आकाराचं काळं चित्र सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने देत राहतो, तेही न थांबता. म्हणून कालावधी द्यायला विसरू नका. कमांड थांबतच नसेल तर टर्मिनलमध्ये क्यू दाबा.

आकार मूळ रेकॉर्डिंगइतकाच ठेवा. आडव्या व्हिडिओसाठी बहुधा १९२० बाय १०८०, फोनवरच्या उभ्या व्हिडिओसाठी १०८० बाय १९२०. रुंदी आणि उंची दोन्ही सम संख्या हव्यात. विषम संख्या दिली तर नेहमीच्या एमपी४ साठवणीत कमांड अडते.

रंग नावाने देता येतो किंवा शून्य-एक्सनंतर सहा चिन्हांच्या संकेताने. ‘#’ हे चिन्हही चालतं, पण लिनक्स आणि मॅकच्या काही शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ते शब्दाच्या सुरुवातीला आलं तर पुढचा भाग टिप्पणी समजून गाळला जाऊ शकतो. शून्य-एक्सचीच सवय लावा.

रंगांची निवड करताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे उजेडातला फरक. वेबच्या सुलभतेच्या नियमांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ असं गुणोत्तर मागितलं आहे, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. आपल्या कार्यक्रमांत केशरीवर पांढरी अक्षरं फार आवडीने काढतात. ‘एफएफ९९३३’ या केशरीवर पांढऱ्याचं गुणोत्तर जेमतेम २.१ भरतं. सभागृहातल्या प्रोजेक्टरवर तेही फिकं पडतं आणि मागच्या रांगेतल्या आजोबांना काही वाचता येत नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं घेतली तर गुणोत्तर १० च्या जवळ जातं. गडद निळ्यावर, म्हणजे उदाहरणार्थ ‘१बी३ए५सी’वर, पांढरं साडेअकराच्या आसपास येतं. केशरी हवाच असेल तर त्यावर काळं किंवा गडद तपकिरी लिहा.

दुसरी गोष्ट व्हिडिओच्या साठवणीची. नेहमीच्या एमपी४मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूसाठी असते, पण रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच साठवतात, म्हणजे चार बिंदूंना मिळून एक. त्यामुळे निळ्यावर लाल किंवा हिरव्यावर लाल अक्षरांच्या कडा फुटतात. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत अनुस्वाराचा टिंब आणि ‘प’-‘ष’मधली तिरकी रेघ यांवर शब्द अवलंबून असतो, तिथे हे खपत नाही. उजेडात ठळक फरक असेल तर कडा स्वच्छ राहतात.

४. ड्रॉटेक्स्ट कुठपर्यंत वापरायचं

अक्षरं काढण्यासाठी सगळीकडे ड्रॉटेक्स्ट या फिल्टरचं नाव सांगतात. त्याला फॉन्टफाइल, टेक्स्टफाइल, फॉन्टसाइझ, फॉन्टकलर, आणि जागेसाठी एक्स व वाय द्यायचे असतात. मधोमध आणायचं तर एक्ससाठी चौकटीच्या रुंदीतून मजकुराची रुंदी वजा करून दोनाने भागायचं. सूत्र त्यातच लिहिता येतं. इंग्रजीसाठी उत्तम साधन आहे.

मराठीसाठी मात्र मी त्याच्यावर विसंबत नाही. देवनागरीत टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो: ‘नि’ लिहिताना न आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर, पण दिसायला वेलांटी आधी हवी. ही मांडणी करण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. जुन्या ड्रॉटेक्स्टमध्ये ती नव्हती, त्यामुळे अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवली जात. डेबियन १२ मध्ये एफएफएमपेगची ५.१ ही आवृत्ती येते आणि उबुंटू २२.०४ मध्ये ४.४. दोन्ही या जुन्या गटातल्या. २०२३ च्या ६.१ पासून हार्फबझ जोडली गेली, पण म्हणून देवनागरी नीट येईलच असं धरून चालू नका. वरची चाचणीची ओळ काढा. एक वेलांटी जरी चुकली तरी त्या फिल्टरला मराठी वाक्य देऊ नका.

‘भाग १’सारखे साधे शब्द, नुसते आकडे किंवा इंग्रजी मजकूर यांसाठी तो बिनधास्त वापरा. तेव्हा एक लक्षात असू द्या: ड्रॉटेक्स्टमध्ये टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ आहे. ‘१००%’ लिहायचं असेल तर ‘एक्सपान्शन=नन’ हा पर्याय जोडा.

५. लिबएएसएससाठी मजकुराची फाइल

लिबएएसएस ही उपशीर्षकं दाखवणारी लायब्ररी. हार्फबझच्या आधारे ती देवनागरीची मांडणी बरोबर करते, लांब ओळ आपोआप तोडते आणि एकाच पाटीवर लहान-मोठे आकार देते. तिला एएसएस प्रकारची फाइल लागते. ती हाताने कोरी लिहिण्यात चुका होतात, म्हणून सोपा मार्ग घ्या.

आधी साधी एसआरटी फाइल, म्हणजे उपशीर्षकांची मजकूर-फाइल करा. पहिल्या ओळीत १, दुसऱ्या ओळीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, तिसऱ्या ओळीपासून मजकूर. वेळेची ओळ कुठल्याही उपशीर्षकाच्या फाइलमधून उचला आणि शून्य ते सहा सेकंद अशी बदला. हे आकडे इंग्रजीतच हवेत. मग ‘एफएफएमपेग -आय पाटी.एसआरटी पाटी.एएसएस’ चालवा. सगळी चौकट असलेली एएसएस फाइल तयार मिळेल. ती एडिटरमध्ये उघडा आणि एवढे बदल करा:

- ‘प्लेरेसएक्स’ आणि ‘प्लेरेसवाय’ यांच्यापुढे ३८४ आणि २८८ असतील. ते १९२० आणि १०८० करा. पुढचे सगळे आकार याच मापात मोजले जातात. हे राहून गेलं तर अक्षरं अवाढव्य होऊन पाटीबाहेर जातात.
- त्याच विभागात ‘लँग्वेज: एमआर’ अशी नवी ओळ घाला. फॉन्टमध्ये मराठी वळणांची सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आता मराठी निघतील.
- ‘स्टाइल’च्या ओळीत एरियलच्या जागी तुमच्या फॉन्टचं नाव आणि १६ च्या जागी ९६ लिहा.
- त्याच ओळीत ‘अलाइनमेंट’चा आकडा २ असेल, तो ५ करा. कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांची मांडणी आठवा: ५ म्हणजे मधोमध, २ म्हणजे खाली मध्ये, ८ म्हणजे वर मध्ये. ‘स्टाइल’मधली कितवी जागा कशाची, हे तिच्या वरच्या ‘फॉरमॅट’च्या ओळीत लिहिलेलं असतं. मोजून बदला.

फॉन्टचं नाव म्हणजे फाइलचं नाव नव्हे. फॉन्टची फाइल उघडल्यावर वर जे कुटुंबनाव दिसतं, ते स्पेलिंगसकट जसंच्या तसं लिहायचं. नाव चुकलं तर लिबएएसएस तक्रार करत नाही, दुसराच फॉन्ट उचलते. कमांड चालताना ‘फॉन्टसिलेक्ट’ने सुरू होणारी ओळ येते. मागितलेला फॉन्ट आणि मिळालेला फॉन्ट दोन्ही तिच्यात असतात. ती ओळ दर वेळी वाचा.

रंग लिहिण्याचा क्रम इथे उलटा आहे: निळा, हिरवा, लाल. म्हणजे नेहमीचा ‘एफएफसी७२सी’ हा पिवळा इथे ‘२सीसी७एफएफ’ असा लिहायचा. पिवळ्याऐवजी आकाशी अक्षरं दिसली तर कारण हेच.

ओळ तोडायला उलटी तिरकी रेघ आणि मोठ्या लिपीतला एन. वक्त्याचं नाव शीर्षकापेक्षा लहान हवं असेल तर त्याच्या आधी महिरपी कंसात उलटी तिरकी रेघ, एफएस आणि ६० लिहा. पाटी हळूच उमटून हळूच विरावी असं वाटत असेल तर मजकुराच्या अगदी सुरुवातीला त्याच पद्धतीने ‘फॅड’ आणि साध्या कंसात ५००,५०० द्या. हे मिलिसेकंद आहेत.

६. सगळं एकत्र

पूर्ण कमांड अशी. टाइप करताना एकाच ओळीत:

एफएफएमपेग -एफ एलएव्हीएफआय -आय कलर=सी=०एक्स१बी३ए५सी:एस=१९२०एक्स१०८०:आर=२५ -एफ एलएव्हीएफआय -आय एन्यूलएसआरसी=आर=४८०००:सीएल=स्टिरिओ -व्हीएफ सबटायटल्स=पाटी.एएसएस:फॉन्ट्सडिर=. -टी ६ -सी:व्ही लिबएक्स२६४ -पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी -सी:ए एएसी पाटी.एमपी४

पहिलं इनपुट रंगाचं, दुसरं शांततेचं. कालावधी इथे डीऐवजी ‘-टी ६’ने दोन्हींसाठी एकदाच दिला आहे. हो, शांततेचाही ट्रॅक लागतो. आवाजाचा ट्रॅकच नसलेली पाटी आवाज असलेल्या व्याख्यानाला जोडली की जोडणी अडते किंवा आवाज पुढेमागे होतो. ‘फॉन्ट्सडिर’नंतरचा टिंब म्हणजे हेच फोल्डर. ‘वाययूव्ही४२०पी’ मुद्दाम लिहायचं, कारण ते गाळल्यावर कधीकधी अशी फाइल बनते जी तुमच्या संगणकावर चालते पण टीव्हीवर किंवा जुन्या फोनवर नाही.

विंडोजवर पूर्ण मार्ग देण्याचा मोह टाळा. ‘सी:’मधला विसर्गासारखा दोन टिंबांचा चिन्ह फिल्टरला पर्याय वेगळे करण्याची खूण वाटतो आणि कमांड तुटते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेरी अवतरणचिन्हंही चालत नाहीत, दुहेरी वापरा.

पूर्ण व्हिडिओ करण्याआधी एक चित्र काढून तपासा. वरच्या कमांडमधून आवाजाचं इनपुट आणि ‘-टी’पासून पुढचं सगळं काढा, ‘-एसएस २ -फ्रेम्स:व्ही १ पाटी.पीएनजी’ लिहा. दोन सेकंदांवरची फ्रेम मिळेल. पहिली फ्रेम घेऊ नका, फॅड दिला असेल तर ती रिकामी असते. हे चित्र फोनवर उघडून हात लांब करून वाचा. शिरोरेघेवरचे रफार आणि मात्रा आणि खालचे उकार पुरेसे सुटे दिसत नसतील तर आकार वाढवा किंवा ओळी कमी करा. एका पाटीवर चारपेक्षा जास्त ओळी मी कधीच ठेवत नाही.

७. रेकॉर्डिंगला जोडणं

आधी मूळ फाइलवर एफएफप्रोब चालवा. आकार, फ्रेमचा वेग आणि आवाजाचा दर पाहा आणि पाटी त्याच मापाची करा. रेकॉर्डिंग सेकंदाला ३० फ्रेमचं असेल तर कमांडमधला २५ बदलायचा, आवाज ४४१०० चा असेल तर ४८००० बदलायचा.

जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात दोन्ही फाइलींची नावं एका यादीत लिहून ‘-एफ कॉन्कॅट’ आणि ‘-सी कॉपी’ने जोडतात. यात व्हिडिओ पुन्हा बनत नाही, दीड तासाचं व्याख्यान काही क्षणांत जोडलं जातं. पण दोन्ही फाइली सर्व बाबतींत जुळायला हव्यात, आणि फोनवरच्या रेकॉर्डिंगचा फ्रेमचा वेग बऱ्याचदा स्थिर नसतो. दुसरा मार्ग कॉन्कॅट फिल्टरचा. त्यात सगळं पुन्हा एन्कोड होतं, वेळ लागतो, पण निकाल भरवशाचा. पहिल्यांदा करत असाल तर दुसराच घ्या. फिल्टरला आकार आणि बिंदूंचं प्रमाण सारखं लागतं, म्हणून दोन्ही व्हिडिओंवर आधी ‘सेटसार=१’ लावा. जोडून झाल्यावर पाटीनंतरची पहिली दोन मिनिटं आणि अगदी शेवटची दोन मिनिटं ओठ आणि आवाज जुळतात का, हे पाहा.

पुढच्या व्याख्यानासाठी एएसएस फाइलची प्रत काढून फक्त मजकुराची ओळ बदलायची, बाकी काही नाही. आणि व्हिडिओ चढवण्याआधी पाटीचं पीएनजी वक्त्यांना पाठवून नाव आणि पदवी बरोबर आहे का, हे विचारून घ्या. ‘ऱ्हस्व-दीर्घ’ त्यांच्या नावात कसं आहे, ते त्यांनाच ठाऊक असतं.